'बॉयकॉट' : एका आडनावाचे क्रियापद

माणसांच्या नावांवरून पडलेले शब्द इंग्रजी भाषेत पुष्कळ आहेत. सँडविच हा पदार्थ एका उमरावाच्या नावाने ओळखला जातो. दूध निर्जंतुक करण्याच्या क्रियेला पाश्चर या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. परंतु स्वतःचे आडनाव स्वतःच्या हयातीतच, आणि तेही नामुष्कीची खूण म्हणून, क्रियापद होऊन बसलेले पाहण्याची पाळी फार थोड्यांवर आली. 'बॉयकॉट' या नित्य वापरातील क्रियापदाच्या मागे असा एक माणूस उभा आहे. त्याची हकीकत आयर्लंडात घडली असली तरी शब्दाचा प्रवास पुढे पुणे, सुरत, बेळगाव आणि महाड या गावांवरून झाला आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा १८३२ साली इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात जन्मला. अल्पकाळ लष्करात काढून तो आयर्लंडात स्थायिक झाला. लोक त्याला कॅप्टन म्हणत. पण ती पदवी लष्कराने दिलेली नव्हती, शेजारपाजाऱ्यांनी चिकटविलेली होती. पुढे मेयो परगण्यात लॉख मास्क सरोवराच्या काठी लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी म्हणून त्याने काम पत्करले. कुळांकडून खंड वसूल करावयाचा आणि तो न आल्यास कुळाला जमिनीवरून काढावयाचे, हे त्या कामाचे स्वरूप. १८७९ साली पश्चिम आयर्लंडात पीक बुडाले. त्याच वर्षी मायकेल डॅव्हिट आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांच्या पुढाकाराने लँड लीग ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी लॉर्ड अर्नने खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळांनी शेकडा २५ मागितली. तडजोड झाली नाही, आणि बॉयकॉटने अकरा कुळांविरुद्ध बेदखलीच्या नोटिसा काढल्या.

याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस येथे पार्नेलचे भाषण झाले. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो दुसरा घेईल त्याचे काय करावे, असे त्याने सभेला विचारले. गोळी घालावी, असे उत्तर गर्दीतून आले. त्याहून अधिक ख्रिस्ती धर्माला शोभणारा मार्ग आहे, असे म्हणून पार्नेलने तो सांगितला : रस्त्यात, दुकानात, बाजारात, इतकेच नव्हे तर देवळातही त्या माणसाला एकटे पाडावे, जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवीत तसे त्याला दूर ठेवावे. पार्नेल स्वतः जमीनदार होता, ही गोष्ट येथे जाता जाता ध्यानात घेण्याजोगी आहे. उपाय रक्त न सांडण्याचा, पण उपमा महारोग्याची. या शब्दाच्या पुढील सगळ्या इतिहासाचे बीज त्या उपमेत आहे.

तीन दिवसांनी नोटिसा बजावण्यासाठी कोर्टाचा माणूस पोलीस घेऊन निघाला. दोन-चार घरे होताच बायकांनी दगड, चिखल आणि शेण यांच्या माऱ्याने त्याला पिटाळून लावले. त्यानंतर बॉयकॉटच्या घरचे नोकर निघून गेले. लोहार नाल ठोकीना, धोबीण कपडे धुवीना, दुकानदार माल देईना. शेतात पीक उभे, आणि कापणीला माणूस नाही. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, तेव्हा उत्तरेकडील परगण्यांतून पन्नास माणसे कापणीसाठी आली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस! पाचशे पौंडांचे पीक वाचविण्यास दहा हजार पौंड लागले, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. १ डिसेंबर रोजी बॉयकॉटने आयर्लंड सोडले. पुढच्या वर्षी तो अमेरिकेस गेला तो नुसता 'कनिंगहॅम' या नावाने.

तोवर आडनावाचे क्रियापद झालेले होते. या घटनांचे वृत्त देणारा अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ एका शब्दापाशी अडला होता. 'ऑस्ट्रसाइझ' हा ग्रीक मूळाचा शब्द होता खरा. प्राचीन अथेन्सचे नागरिक खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला हद्दपार करीत, त्यावरून तो आलेला. परंतु शेतकऱ्यांना तो कसा कळावा? तेथील धर्मोपदेशक फादर जॉन ओ'मॅली यांनी सुचविले की, सरळ 'बॉयकॉट करणे' म्हणावे. ऑक्टोबरात शब्द अमेरिकेत छापला गेला, नोव्हेंबरात 'टाइम्स'मध्ये आला आणि थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन व रशियन भाषांनी तो आपलासा केला.

या क्रियापदाच्या वापरात एक खुबी आहे. एकट्या ग्राहकाने दुकान बदलले तर इंग्रज त्याला 'बॉयकॉट' म्हणणार नाही. त्यास अनेकांचा संकल्प लागतो आणि काही मागणी लागते. मात्र त्याचे कर्म काहीही चालते : माणूस, दुकान, सभा, निवडणूक, एखाद्या देशाचा माल. मराठीने हे काम दोन शब्दांत विभागले आहे. माणसाला 'वाळीत टाकतात'. निवडणुकीला कोणी वाळीत टाकीत नाही, तिच्यावर 'बहिष्कार' घालतात. 'बहिष्कार' मात्र माणसावरही पडतो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

कारण क्रियापद नवे असले तरी क्रिया नवी नव्हती. लॉख मास्कच्या सहा वर्षे आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे गावी हेच घडले होते. सावकाराच्या दुकानातून कोणी माल घेईना, त्याची शेते कोणी कसेना, न्हावी, परीट, सुतार, लोहार या बलुतेदारांनी काम बंद केले. तालुक्याच्या गावी पळून जाऊ म्हटले तर गाडी हाकावयास माणूस मिळेना. सामील न होणाऱ्या शेतकऱ्यांनाही गावाने तीच शिक्षा केली. परंतु एवढ्याने काम भागले नाही आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. जगाला मिळालेले क्रियापद करड्याच्या सावकाराच्या नावाचेही होऊ शकले असते. तेथे परदेशी वार्ताहर नव्हता इतकेच.

करड्याच्या लोकांनी हे हत्यार घडविले नव्हते, ते गावात आयतेच होते. जातपंचायत आणि ग्रामण्य यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाजळून ठेविले होते आणि त्याचा रोख बहुधा सुधारकावर किंवा दुबळ्यावर असे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे व टिळक या दोघांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला.

तोच शब्द १९०५ साली राष्ट्राच्या हाती आला. ७ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला आणि टिळकांनी तो महाराष्ट्रात उचलून धरला. चहाच्या पेल्यापायी ज्यांच्यावर बहिष्कार आला होता, तेच आता बहिष्काराचे पुरस्कर्ते झाले. गोखले यांनी त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून शब्दालाच हरकत घेतली. 'बॉयकॉट'च्या उगमामुळे त्याला दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या सूडबुद्धीचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे. 'स्वदेशी' हा शब्द त्यांना पुरेसा वाटे. ही नेमस्तांची भीरुता म्हणून हसण्यावारी नेली गेली. पण शब्दाची नस गोखल्यांना अचूक सापडली होती. १९०६ च्या कलकत्ता ठरावात बंगालमधील 'बहिष्काराची चळवळ' न्याय्य ठरविली होती. १९०७ साली सुरतेच्या मसुद्यात ती 'परदेशी मालावरील बहिष्कार' एवढीच उरली. 'चळवळ' गाळल्याने सरकारी शाळा, कोर्टे, नोकऱ्या यांवरील बहिष्काराला जागा राहत नव्हती. सुरतेस जोडा फेकला गेला तो सर्वांना आठवतो. त्यामागील शब्दांचा तंटा सहसा कोणी आठवीत नाही. पुढे असहकारितेत बहिष्काराचा विस्तार झाला खरा, पण १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसने तो कार्यक्रम तहकूब केला. परदेशी कापडाचा त्याग तेवढा कायम राहिला.

नेमक्या याच काळात शब्दाची दुसरी बाजू बोलू लागली. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली स्थापिलेल्या संस्थेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ च्या एप्रिलमध्ये, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत'. एक समाज बहिष्कार घालण्याचा हक्क मागत असता दुसऱ्याने, आपण जन्मतःच त्याचे कर्म आहोत, हे नावातच सांगितले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली नोंदविले की, अस्पृश्यांनी हक्क बजावू म्हटले की गाव त्यांची मजुरी, जमीन आणि वाण्याचे दुकान बंद करते. गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर व रावबहादुर श्रीनिवासन यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातील कलमे घेतली. तो कायदा सरकारने तेथील राष्ट्रीय चळवळीला आवर घालण्यासाठी केलेला होता. परकीय सत्तेने राष्ट्रवाद्यांविरुद्ध घडविलेली ढाल येथे गावच्या सत्तेविरुद्ध मागितली गेली.

महाराष्ट्रात तसा सर्वांसाठी कायदा झाला तो २०१६ साली. ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याच्या नावात 'सामाजिक बहिष्कार' असे दोन शब्द घालावे लागले, कारण सुटा 'बहिष्कार' एव्हाना मोर्चांचा आणि निवडणुकांचा झाला आहे. फिर्याद देणारा माणूस मात्र 'मला वाळीत टाकले' एवढेच म्हणतो.