इंग्रजी गाणं आणि आपले जोडस्वर



२००० सालच्या जूनपासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून गावोगावची पोरं हातवारे करत इंग्रजी गाणी म्हणतात आणि घरी येऊन आईलाही म्हणायला लावतात. आमच्या गटातल्या एकीनं शाळेच्या कार्यक्रमात लेकीबरोबर असंच एक गाणं म्हटलं. तिचे उच्चार ऐकून मागून कुणीतरी हसलं. घरी आल्यावर ती लेकीला म्हणाली, "तुझं तू म्हण बाई." जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ असलेली बाई एका गाण्यापुढं गप्प झाली, हे आम्हांला लागलं. म्हणून आज या उच्चारांचा इतिहासच सांगायचं ठरवलंय.

अडतं ते बहुतेक जोडस्वरांत. एका दमात दोन स्वर निघतात तो जोडस्वर. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, तेव्हापासून मराठी व्याकरणाची पुस्तकं निघत आली. शाळेतलं व्याकरण ए, ऐ, ओ, औ या चौघांना संयुक्त स्वर म्हणतं. पुस्तकात चार असले, तरी आज आपल्या तोंडात जोड उरलेत दोनच. 'पेरू' म्हणून बघा, जीभ एका जागी राहते. 'पैसा' म्हणा, ती सरकते: पइसा. 'चौक' म्हणताना ओठ शेवटी गोल होतात: चउक. हिंदी बोलणारी माणसं 'पैसा' न सरकवता सपाट म्हणतात. आपली मराठी हिंदी तिथंच ओळखू येते.

आपल्या सोलापुरात तर हे आणखी सोपं. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड. दोन्ही भाषांत पाचाला 'ऐदु' म्हणतात. म्हणजे बाजारात भाव ऐकतानासुद्धा जोडस्वर आपल्या कानावर पडतोच.

आता इंग्रजीकडं वळू. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातली माणसं 'टाइम' म्हणत नव्हती. ती साधारण 'टीम' म्हणायची. 'हाउस'ला 'हूस' म्हणायची आणि 'नेम'मध्ये लांब आ होता. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत त्यांचे लांब स्वर हळूहळू जागा सोडत गेले. ईचा आइ झाला, ऊचा आउ झाला. मधेच १४७६ साली विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला आणि स्पेलिंग हळूहळू जुन्या वळणावर ठरून गेलं. तोंड पुढं गेलं, कागद मागं राहिला. म्हणून इंग्रजी लिहिलंय एक आणि वाचायचं दुसरंच, असं आपल्याला वाटतं. त्यात आपली चूक नाही.

आणखी एक ऐका. इंग्लंडात 'डे' म्हणताना शेवटी बारीक इ येतो आणि 'गो' म्हणताना बारीक उ येतो. आपण ए आणि ओ सपाट म्हणतो. स्कॉटलंडातली बरीच माणसंही ते जवळजवळ आपल्यासारखेच म्हणतात, आणि त्यांची मायबोली इंग्रजीच आहे. मग आपल्याला हसायचं कारण काय?

गाण्याची अडचण उलट्या बाजूनंही आली होती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, पुढं अहमदनगरला आणि आपल्या सोलापुरातही त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या प्रार्थनागीतांत परदेशी चालींवर मराठी शब्द बसवले जात. तिकडची चाल जिथं जोर देते, तिथं आपल्या शब्दात कधी ऱ्हस्व अक्षर येतं, मग शब्द ओढला जातो. नारायण वामन टिळकांनी, म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या यजमानांनी, ख्रिस्ती भजनं अभंगाच्या आणि ओवीच्या वळणानं रचली. ती लोकांच्या तोंडी बसली. शब्दाचे स्वर सांभाळले की गाणं आपलं होतं.

तेच इंग्रजी गाण्यात करायचं. नियम एकच: सूर लांबवायचा तो पहिल्या स्वरावर, दुसरा अगदी शेवटी हलकेच टेकवायचा. 'टाइम' लांबवताना टाऽऽऽइम म्हणा, टाइऽऽऽम नको. 'हाउस'चं हाऽऽऽउस, 'बॉय'चं बॉऽऽऽय, 'रेन'चं रेऽऽऽइन. कारण सरळ आहे. आ म्हणताना तोंड उघडं असतं, आवाज मोकळा येतो. इ आणि उला तोंड मिटत जातं. लवकर मिटलं की सूर दबतो आणि शब्दही कळत नाही. गटानं गाताना दुसरा स्वर सगळ्यांनी एकदमच टेकवायला हवा, नाहीतर शब्दाचा गोंधळ होतो. एकीनं हातानं खूण करावी.

आणि हे काही नवीन नाही. 'गौळण' किंवा 'मैना' हे शब्द ओवीत लांबवताना आपण पहिल्या अवरच थांबतो, मग उकडं किंवा इकडं वळतो. कुणी शिकवलं नाही, आईच्या तोंडून आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जपण्यासारखी विद्या बायांच्या गळ्यात आहे, हे त्यातून जगाला कळलं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत हिशोब झाला की पाच मिनिटं काढा. आधी 'गौळण' आणि 'चौक' लांबवून म्हणा, मग त्याच गळ्यानं 'हाउस' आणि 'टाइम'. आमच्या त्या मैत्रिणीनं परवा बैठकीत हेच केलं. लेक शेजारीच होती. ती म्हणाली, "आई, बाई असंच म्हणतात." मग दोघींनी ते गाणं पहिल्यापासून म्हटलं.