कामगाराचा उतारकाळ आणि समुद्रकाठ

तेरखेड्यात उभे राहून समुद्राविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. हे गाव बालाघाटाच्या मुलखातले, फटाक्यांसाठी नावाजलेले. येथली पाण्याची चिंता विहिरीपुरती. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, त्याला एक निमित्त घडले. काही महिन्यांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत याच भागातले एक कामगार आले. पुण्याकडच्या कारखान्यांत त्यांची तीस वर्षे गेली होती. ते म्हणाले, "दादा, पुढल्या वर्षी मी सुटणार. समुद्राकाठी कुठे स्वस्तात राहता येईल, ते सांगा." कचेरीतली पोरे हसली. आम्हांला हसू आले नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या भोंग्यावर उठलेल्या माणसाला शेवटची वर्षे कोठे काढावी हे स्वतः ठरवावेसे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? आमचे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे वाचनालयात आणि गेटसभांत झाले. त्या शिदोरीवर या प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे ठेवतो.

प्रथम विलायतेकडे पाहू, कारण ही चाल तेथे आधी पडली. समुद्रकाठ हा तेथेही मुळात श्रीमंतांचा. हवापालटासाठी सरदार आणि सावकार तेथे जात. १८४१ साली लंडनहून ब्रायटनला आगगाडी पोचली, १८४६ साली ब्लॅकपूलला पोचली, आणि गरिबाला समुद्र दिसला. लँकेशायरमध्ये वर्षातून एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद राहत, आणि सारे गाव ब्लॅकपूलला जाई. त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. कामगार वर्षभर पै पै साठवून ती चैन करीत. भरपगारी सुटीचा कायदा तेथे १९३८ साली झाला.

सुटीत पाहिलेली जागा माणसाच्या मनात घर करते. पण तेथे कायम राहायचे तर हात थकल्यावर पैसा कोठून यावा? १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पोस्टातून आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत रक्कम मिळू लागली. रक्कम थोडी, पण तत्त्व मोठे. हा पैसा मालकाच्या मर्जीला बांधलेला नव्हता आणि गावालाही बांधलेला नव्हता. माणूस जेथे जाईल तेथल्या पोस्टात तो मिळे. पुढे ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय विम्याची योजना सर्वांसाठी सुरू झाली. निवृत्त माणसे बेक्सहिल, वर्दिंग अशा किनाऱ्यावरच्या गावी जाऊन राहू लागली, ती हा आधार हाती आल्यावर.

आता स्वस्ताईची दुसरी बाजू पाहा. एसेक्सच्या किनाऱ्यावर जेविक नावाची वस्ती आहे. १९२८ पासून एका बांधकाम व्यावसायिकाने तेथल्या सखल, पाणथळ जमिनीचे लहान तुकडे पाडून लंडनच्या साध्या माणसांना विकले. घरे हलकी, सुटीपुरती. पण परवडणारी म्हणून लोक तेथे बारमाही राहू लागले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत शिरला आणि त्या एका वस्तीत तीसहून अधिक माणसे मेली. पुढे २०१०, २०१५ आणि २०१९ च्या सरकारी पाहण्यांत इंग्लंडमधील सर्वांत वंचित भाग म्हणून याच वस्तीचे नाव आले. २०२१ साली इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या गावांच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की तेथे म्हातारी माणसे अधिक, आजार अधिक, आणि डॉक्टर मात्र कमी. जागा स्वस्त असते तेव्हा बहुधा तेथे काहीतरी उणे असते. ते उणे कोणते, हे ओळखणे हाच खरा व्यवहार.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापिली. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, ती पुढे लातूरपर्यंत गेली, आणि आपल्या बाजूच्या कापसाला बाहेरची वाट मिळाली. कापूस देशावरचा, पण साच्यावर उभा राहणारा माणूस फार मोठ्या संख्येने कोकणचा. त्याच्या गावी समुद्र होता, नारळ होता, भाताचा तुकडा होता. पण तो तुकडा पुष्कळदा खोताच्या ताब्यातला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा मात्र व्हायला १९४९ साल उजाडले. तोवर कोकणातल्या कित्येक चाकरमान्यांना आपल्या घराखालची जमीनही आपली म्हणता येत नव्हती.

हा चाकरमानी एका खोलीत दहा-पंधरा जणांत पाळीपाळीने निजे, खानावळीत जेवे, आणि मनीऑर्डर गावी धाडी. म्हातारा झाला, आजारी पडला की आगबोटीने गावी परते. १९२८ चा गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला, तेव्हाही कित्येकांना गावानेच पोसले. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हटले, की कामगाराचे गावाशी असलेले नाते हे जमेच्या बाजूचे आहे, ते तोडू नये. आयोगाचा हेतू वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. पण हिशोबाची वही उघडून पाहा. विलायतेत म्हातारपणाचा खर्च सरकारी तिजोरीवर पडला. आमच्याकडे तो कोकणातल्या बाईवर पडला. नवरा मुंबईत असताना तिने शेत लावले, सासूसासऱ्यांना सांभाळले, आणि शेवटी खोकत परतलेल्या नवऱ्याचेही केले. गिरणीला कामगार स्वस्त पडला, कारण ही बाई फुकट राबत होती. तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र थोडे बदलले. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि ज्या सहा उद्योगांना तो प्रथम लागू झाला, त्यांत कापडधंदा होता. १९७२ साली उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा आला. पण या दोन्हींतून एकरकमी पैसा मिळे. तो मुलीच्या लग्नात, घराच्या कौलांत संपून जाई. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधीच कामावर लागले नाहीत. साठीला परतायचे ते चाळिशीतच परतले. महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन देणारी योजना १९९५ साली आली, तिला दहा वर्षांच्या नोकरीची अट आहे. २०१४ साली तिची किमान रक्कम १००० रुपये ठरली. त्या रकमेत समुद्र राहू द्या, महिन्याचे दूधसुद्धा भागत नाही.

मग त्या कामगारबंधूंना आम्ही काय सांगितले? गावाचे नाव सांगितले नाही. चार प्रश्न कागदावर लिहून दिले. पहिला, रात्री छातीत दुखले तर दवाखाना किती दूर, आणि तेथे डॉक्टर मुक्कामाला असतो काय? दुसरा, सातबाऱ्यावर किती जणांची नावे आहेत? कोकणात एका तुकड्याला वीस वीस वारस असतात, आणि त्यांतला एकच विकायला पुढे येतो. तिसरा, मे महिन्यात विहिरीला पाणी आणि आषाढात रस्त्याला एस. टी. असते काय? चौथा, तुमच्या मागे तुमच्या मंडळींना तेथे शेजार राहील काय? चारही उत्तरे पावसाळ्यात स्वतः जाऊन मिळवा, असे आम्ही सांगितले. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि म्हणाले, "चौथा प्रश्न मी मंडळींनाच विचारला नव्हता." आमच्या मते जागा निवडण्याची खरी सुरुवात तेथेच झाली.

आता तेरखेड्यापुरते बोलून आटोपते घेतो. येथे फटाक्यांची दारू भरणारी बाई आहे, ऊसतोडीला जाणारे जोडपे आहे. त्यांच्या उतारकाळाची चर्चा कोणी करीत नाही. जणू ती माणसे म्हातारी होणारच नाहीत. समुद्र सर्वांनाच हवा असेल, असे नाही. पण आपण कोठे राहावे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याला तो एका नोंदीमुळे मिळाला. तेव्हा उद्या सकाळी कामावर जाताना प्रत्येकाने एवढेच विचारावे, की हजेरीपटावर माझे नाव आहे काय, आणि माझ्या नावाने निधी भरला जातो काय? एकट्याला विचारण्याची भीती वाटत असेल, तर दहा जणांनी मिळून विचारावे.