अर्ध्या डॉलरचा करार: कॅनडाच्या आरोग्यखर्चात केंद्राचा वाटा नेमका किती?

#थ्रेड

१/
फेब्रुवारी २०२३. कॅनडाचे पंतप्रधान आणि सर्व प्रांतांचे प्रीमियर, म्हणजे तेथील मुख्यमंत्री, ओटावात चर्चेला बसले होते. प्रांतांची मागणी अशी, की आरोग्यखर्चाच्या केवळ २२ टक्के रक्कम केंद्र देते, ती ३५ टक्के करावी. केंद्राला मुळात २२ हा आकडाच मान्य नव्हता. एकाच खर्चातून दोन सरकारे दोन वेगळ्या टक्केवाऱ्या कशा काढतात, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२/
१८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याने कॅनडाचे संघराज्य घडविले. त्यातील ९२ व्या कलमाने रुग्णालये, मनोरुग्णालये व धर्मादाय संस्था प्रांतांच्या स्वाधीन केल्या. केंद्राकडे खलाशांची रुग्णालये आणि क्वारंटाइन एवढेच राहिले. तेव्हा हे वाटप कोणाला खटकले नाही. रुग्णालय म्हणजे चर्चने वा दानशूरांनी चालविलेला आश्रयच होता आणि त्याला सरकारी तिजोरीतून फारसे काही लागत नसे. पुढे वैद्यक महाग झाले. जबाबदारी प्रांतांकडे आणि भक्कम उत्पन्नाचे कर केंद्राकडे, असा विषम संसार सुरू झाला. (भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यसूचीतच आहेत. हा पेच भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये.)

३/
१९४५ मध्ये ओटावाने मोठा प्रस्ताव मांडला. आरोग्यविम्याचा ६० टक्के खर्च केंद्र सोसेल. मोबदल्यात प्रांतांनी प्राप्तिकर, कंपनीकर आणि वारसाकर केंद्राकडे सोडावेत. ऑन्टॅरियोचे जॉर्ज ड्र्यू आणि क्यूबेकचे मोरिस ड्युप्लेसी यांनी तो धुडकावला. पैसा हवा होता, पण करांचा हक्क विकून नव्हे. ही अढी पुढे प्रत्येक वाटाघाटीत डोके वर काढते.

४/
वाट पाहणे परवडणार नाही असा एक प्रांत होता: सस्कॅचेवान. गव्हाचा, विरळ वस्तीचा, १९३० च्या दशकातील दुष्काळाने आणि मंदीने पिळून निघालेला. येथील ग्रामीण पालिका पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच स्वतःच्या पैशाने डॉक्टर नेमू लागल्या होत्या, कारण एरवी तेथे डॉक्टर टिकतच नसे.

५/
१९४४ मध्ये येथे टॉमी डग्लस प्रीमियर झाले. लहानपणी हाडाच्या संसर्गामुळे त्यांचा पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना उपचार पाहू देण्याच्या अटीवर एका शल्यविशारदाने फी न घेता तो पाय वाचविला. मुलाचा पाय योगायोगावर अवलंबून असू नये, हा बोध डग्लस यांनी त्यातून घेतला. १ जानेवारी १९४७ पासून सस्कॅचेवानमध्ये सार्वत्रिक रुग्णालयविमा लागू झाला. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर. केंद्राचा त्यात वाटा नव्हता.

६/
केंद्र हलले ते १९५७ मध्ये. पंतप्रधान लुई सेंट लॉरेंट साशंक होते. ऑन्टॅरियोचे प्रीमियर लेस्ली फ्रॉस्ट यांनी १९५५ मध्ये विषय पटलावर आणला आणि आरोग्यमंत्री पॉल मार्टिन यांनी तो तडीस नेला. मार्टिन यांना बालपणी पोलिओ झाला होता. १९४६ मध्ये त्यांच्या आठ वर्षांच्या मुलालाही झाला. त्या मुलाचेही नाव पॉल. तो या कथेत पुढे परत येणार आहे.

७/
१९५७ च्या रुग्णालयविमा कायद्याचे सूत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. केंद्र देणार: दरडोई राष्ट्रीय सरासरी खर्चाचा चौथा हिस्सा, अधिक त्या प्रांताच्या स्वतःच्या दरडोई खर्चाचा चौथा हिस्सा, गुणिले लोकसंख्या. साऱ्या देशाचा विचार केला तर हा निम्मा वाटा झाला. पण प्रांताप्रांतांत?

८/
समजा राष्ट्रीय सरासरी २० डॉलर आहे. १२ डॉलर खर्चणाऱ्या गरीब प्रांताला ५ अधिक ३, म्हणजे ८ डॉलर मिळतील. खर्चाचा दोन तृतीयांश भाग. २८ डॉलर खर्चणाऱ्या श्रीमंत प्रांताला ५ अधिक ७, म्हणजे १२, निम्म्याहूनही कमी. ‘निम्मे-निम्मे’ या साध्या नावाखाली श्रीमंत प्रांतांकडून गरीब प्रांतांकडे पैसा वाहू लागला, आणि तोही फारसा गाजावाजा न होता. संघराज्याच्या इतिहासात इतकी चतुर सूत्रे थोडीच सापडतात.

९/
१ जुलै १९५८ रोजी पाच प्रांतांत योजना सुरू झाली. १९६१ पर्यंत सर्व दहा प्रांत सामील झाले. सस्कॅचेवानला आता आपल्या जुन्या योजनेचा निम्मा भार केंद्राकडून मिळू लागला. त्या मोकळ्या झालेल्या पैशावर डग्लस यांनी १९५९ मध्ये पुढचे पाऊल जाहीर केले: रुग्णालयाबाहेरच्या डॉक्टरांच्या फीचाही विमा.

१०/
डॉक्टर खवळले. १ जुलै १९६२ रोजी योजना लागू झाली आणि त्याच दिवशी बहुतेकांनी दवाखाने बंद केले. डग्लस तोवर राष्ट्रीय राजकारणात गेले होते आणि त्याच जूनमध्ये रेजायना शहरातून पराभूतही झाले होते. संप झेलला तो त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांनी. ब्रिटनहून डॉक्टर आणले गेले. ब्रिटिश लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली आणि २३ जुलैला सस्कॅटून येथे तडजोड झाली. डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत. बिलाचा पैसा मात्र सरकारी विम्यातून येऊ लागला. कॅनडाची रचना आजही मुख्यतः अशीच आहे.

११/
न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ मध्ये हीच पद्धत देशभर नेण्याची शिफारस केली. डिसेंबर १९६६ मध्ये कायदा झाला; अर्थमंत्री मिचेल शार्प यांनी खर्चाच्या भीतीने अंमल एक वर्ष पुढे ढकलला, तो १ जुलै १९६८ ला सुरू झाला. या वेळी केंद्र राष्ट्रीय दरडोई सरासरीचा निम्मा भाग देणार होते. अटी चार: सर्वांना लाभ, सर्वसमावेशक सेवा, प्रांत बदलला तरी संरक्षण, सार्वजनिक कारभार. ऑन्टॅरियोचे जॉन रोबार्ट्स संतापले. योजनेबाहेर राहिले तरी ऑन्टॅरियोच्या करदात्याचा पैसा ओटावामार्गे इतर प्रांतांत जाणारच होता! मग बाहेर राहून काय साधणार? १९७१ पर्यंत सर्व प्रांत आत आले. सक्ती कोणावरही झाली नव्हती, असे कागदोपत्री म्हणता येते.

१२/
निम्म्या वाट्यात दोन दोष दडलेले होते. प्रांत जेवढा खर्च करतील तेवढे केंद्राचे देणे वाढे. ओटावाला स्वतःचे अंदाजपत्रक बांधणे अवघड झाले. आणि प्रांतांच्या दृष्टीने रुग्णालयातला डॉलर अर्ध्या किमतीला पडे, तर घरपोच शुश्रूषेचा वा वृद्धाश्रमाचा डॉलर पूर्ण किमतीला. मग स्वस्त सेवा वाढविण्याऐवजी महागड्या खाटा वाढविणेच व्यवहार्य ठरे.

१३/
१९७७ मध्ये करार मोडून नवा बांधला गेला, आणि आजच्या भांडणाची गाठ येथेच आहे. केंद्राने खर्चाशी निगडित अनुदान थांबवले. त्याऐवजी काही रक्कम रोख ठरली आणि उरलेल्याच्या बदल्यात ‘कर-बिंदू’ दिले: केंद्राने आपला प्राप्तिकर कमी केला आणि प्रांतांनी तेवढाच आपला वाढवला. नागरिकाच्या खिशाला फरक जाणवला नाही. व्यक्तिगत प्राप्तिकराचे असे एकूण १३.५ बिंदू हस्तांतरित झाले. त्यांतील काही उच्च शिक्षणासाठी आधीच दिलेले होते. प्रांतांना मोकळीक मिळाली, केंद्राला निश्चितता. दोघेही खूश होते.

१४/
खूश नव्हता तो रुग्ण. अनुदान आता प्रत्यक्ष सेवेशी बांधलेले नसल्याने अनेक प्रांतांत डॉक्टर विम्याच्या दरावर ‘वरचे’ पैसे मागू लागले, रुग्णालये शुल्क आकारू लागली. आरोग्यमंत्री मोनिक बेजँ यांनी १९८४ मध्ये कॅनडा आरोग्य कायदा आणला. प्रांतात जेवढे वरचे पैसे घेतले जातील, तेवढे डॉलर केंद्राच्या रकमेतून कापले जाणार. कायदा एकमताने संमत झाला. १९८६ मध्ये ऑन्टॅरियोच्या डॉक्टरांनी संप केला, तरीही वरची वसुली थांबली.

१५/
मात्र कापण्यासाठी आधी देणे असावे लागते. एकूण वाट्याची वाढ केंद्राने १९८६ पासून रोखायला सुरुवात केली. कर-बिंदूंचे उत्पन्न आपसूक वाढत होते आणि ते एकुणातून वजा करूनच रोख रक्कम ठरत असे. म्हणून रोख आक्रसत गेली. ती शून्यावर गेली असती, तर १९८४ च्या कायद्याचा दात पडला असता. दिलेला कर-बिंदू परत घेता येत नाही.

१६/
१९९५. देश कर्जात बुडालेला. अर्थमंत्र्यांनी आरोग्य, उच्च शिक्षण आणि समाजकल्याण यांची अनुदाने एकाच गाठोड्यात बांधली आणि त्यांतील रोख रक्कम सुमारे १८.५ अब्ज डॉलरवरून दोन-तीन वर्षांत १२.५ अब्जांवर आणली. त्या अर्थमंत्र्यांचे नाव पॉल मार्टिन. पोलिओतून उठलेला तोच मुलगा. वडिलांनी उभारलेल्या भागीदारीला सर्वांत मोठी कात्री मुलाने लावली. न्यायाने सांगायचे, तर १९८६ पासूनची घसरण त्याने केलेली नव्हती, आणि आटत चाललेल्या रोख रकमेला तळ मिळाला तोही याच व्यवस्थेत.

१७/
२००२ मध्ये रॉय रोमानो यांच्या आयोगाने केंद्राने किमान २५ टक्के वाटा रोख द्यावा, असे सुचविले. रोमानो स्वतः सस्कॅचेवानचे माजी प्रीमियर. १९९३ मध्ये त्यांच्याच सरकारने प्रांतातील ५२ लहान ग्रामीण रुग्णालये बंद केली वा त्यांचे स्वरूप बदलले होते. तुटवड्याचा अर्थ त्यांना शिकवावा लागत नव्हता. २००४ मध्ये पंतप्रधानपदी पोहोचलेल्या पॉल मार्टिन यांनी दहा वर्षांसाठी ४१ अब्ज डॉलर देऊ केले आणि वार्षिक ६ टक्के वाढ ठरविली.

१८/
ती वाढही टिकली नाही. डिसेंबर २०११ मध्ये अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी चर्चेविना जाहीर केले, की २०१७ पासून वाढ राष्ट्रीय उत्पन्नाच्या वेगाने होईल, किमान ३ टक्के. शिवाय वाटप निव्वळ डोईप्रमाणे. ज्या प्रांतांत वृद्ध अधिक, त्यांना हे जड गेले.

१९/
आता २०२३ च्या २२ टक्क्यांकडे वळू. प्रांत केवळ रोख मोजतात. केंद्र म्हणते, १९७७ चे कर-बिंदूही मोजा. शिवाय जुना ‘निम्मा’ वाटा हा फक्त विमाकृत रुग्णालये व डॉक्टर यांच्या खर्चाचा होता. आजच्या २२ टक्क्यांच्या छेदात औषधे, वृद्धांची दीर्घ शुश्रूषा, घरपोच सेवा हे सारे आले आहे. दोन वेगळ्या छेदांची तुलना करून ‘अर्ध्यावरून बावीसवर घसरण’ म्हणणे हे गणित नव्हे, राजकारण आहे. केंद्राची बाजूही तितकी निर्मळ नाही: जो कर गेली चाळीसहून अधिक वर्षे प्रांत स्वतः गोळा करतात आणि ज्यासाठी मतदारांचा रोष स्वतः पत्करतात, तो अजून ‘आपली देणगी’ म्हणून किती काळ मिरवायचा?

२०/
त्या बैठकीत पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी दहा वर्षांसाठी १९६ अब्ज डॉलर देऊ केले; त्यांतील नवे सुमारे ४६ अब्ज. ३५ टक्क्यांची मागणी मान्य झाली नाही. अट अशी, की प्रांतांनी आरोग्यसेवेची माहिती समान निकषांवर मांडावी आणि वेगवेगळे द्विपक्षीय करार करावेत. आठवड्याभरात प्रीमियरांनी प्रस्ताव कुरकुरत स्वीकारला. द्विपक्षीय करारावर सर्वांत शेवटी, मार्च २०२४ मध्ये, सही केली ती क्यूबेकने.