ठिणगीचा इतिहास

इतिहास तोफांचा लिहिला जातो, ठिणगीचा कुणी लिहीत नाही. आज आपण ठिणगीकडे वळू.

१८५७ म्हटलं की आपल्याला चरबीचं काडतूस आठवतं. पण एनफील्ड बंदुकीत ते पेटवायची ती वेगळी टोपी. तिचं मूळ स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याकडे जातं. गारगोटीच्या बंदुकीचा भपका दिसला की पाखरं सावध होत. म्हणून या शिकारी पाद्र्याने आघाताने पेटणारं मिश्रण वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं.

पुढे धातूची पुंगळी आली आणि टोपी तिच्या बुडात बसली. तोच प्रायमर. १८६६च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडात एडवर्ड बॉक्सर यांनी दोन रीती काढल्या. बर्डनची ऐरण पुंगळीतच असते आणि छिद्रं बहुधा दोन. बॉक्सरची ऐरण प्रायमरमध्ये, छिद्र मधोमध एकच. गंमत बघा, अमेरिकनाची रीत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत! मधल्या छिद्रातून सुई घालून जुना प्रायमर ढकलता येतो, त्यामुळे घरी पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांना बॉक्सरच सोयीचा.

घोळ होतो तो इथेच. मोठा पिस्तूल प्रायमर आणि मोठा रायफल प्रायमर, दोन्हींचा व्यास ०.२१० इंच. हातात घेतले तर सख्खी भावंडंच. पण पिस्तुलाच्या प्रायमरची वाटी पातळ आणि उंचीला कमी. रायफलचा दाब तिला सोसला नाही तर ती फुटते, आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. दुसरी चूक साध्याऐवजी मॅग्नम प्रायमर बसवण्याची. दारू तेवढीच, गोळीही तीच, पण ठिणगी जोरकस. भरणी आधीच कमाल मर्यादेवर असेल तर दाब ती ओलांडू शकतो. म्हणून जाणती माणसं प्रायमर बदलला की दारू कमी करतात आणि पुन्हा खालून चढत जातात.

वर्गात आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, घड्याला माती हे उपादान कारण, कुंभार हे निमित्त कारण. बोलताना मात्र आपण ‘निमित्तमात्र’ म्हणून निमित्ताला हलकं करतो. प्रायमरही निमित्तच. पण दारू कशी जळायची, हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. म्हणून मेजावर एका वेळी प्रायमरची एकच डबी उघडी ठेवावी. नियम साधा आहे, पण त्याच्यावर कुणाचा तरी डोळा अवलंबून असतो.