दोन हजेरीपटांच्या मधली मुले

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीहून कोंडाईबारीचा घाट ओलांडला की नवापूर, सोनगड, व्यारा आणि पुढे बारडोली लागते. दसरा-दिवाळीनंतर खानदेशातली भिल्ल आणि इतर आदिवासी कुटुंबे याच वाटेने दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते. त्यामुळे पहिल्या सत्रात हजेरीपटावर असलेले मूल दुसऱ्या सत्रात उसाच्या फडात असते.

हे स्थलांतर आजचे नाही. बारडोलीचा सहकारी कारखाना 1950च्या दशकातला. तिथे राबणाऱ्या खानदेशी तोडकऱ्यांविषयी डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी 1978मध्येच विस्ताराने लिहिले. ऐन पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेब कोयत्याचा. त्या हिशेबात मुलाचे नाव नसते. पण धाकट्याला सांभाळणे, वाढे गोळा करणे, पाणी आणणे ही कामे त्याच्याच वाट्याला येतात. मूल शाळेत राहणार की नाही, हे खरे तर उचल घेतली त्या दिवशीच ठरून जाते.

आपल्या शिक्षणविषयक कायद्यांनी मूल एका जागी राहते, असे गृहीत धरले. 1918च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा दिली, तर 1947च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानेही सक्ती ठरावीक क्षेत्राशी जोडली. क्षेत्र सोडले की सक्ती सुटली. 1 मे 1960पर्यंत साक्री आणि बारडोली एकाच मुंबई राज्यात होती. त्या दिवशी मध्ये राज्याची सीमा आली. तोडकरी ती ओलांडत राहिले, पाठ्यपुस्तके अलीकडेच राहिली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979मध्ये कायदा झाला. त्यात प्रवासभत्ता, निवारा, औषधोपचार यांची तरतूद होती. मुलांच्या शाळेची नव्हती.

या मुलांसाठी मग तीन वाटा शोधल्या गेल्या. पहिली, शाळाच मुलाकडे नेण्याची. 1990च्या दशकात महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा सुरू झाल्या. पुढे औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. दुसरी, मुलाला गावीच ठेवण्याची. दाहोदला ठक्कर बाप्पांनी 1922मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापले, तेव्हापासून आदिवासी भागात रुजलेली आश्रमशाळा आणि अलीकडचे हंगामी वसतिगृह ही त्याची रूपे. तिसरी, कागद मुलाबरोबर पाठवण्याची. शिक्षण हमी कार्ड दाखवले की पोहोचेल त्या गावच्या शाळेने मुलाला वर्गात बसवायचे.

1 एप्रिल 2010पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. स्थलांतरित मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली; राज्याबाहेरही शाळा बदलण्याचा हक्क दिला; दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायला मनाई केली. मात्र त्याच कायद्याच्या निकषांत कोप्यांशेजारच्या साखरशाळा बसेनात. मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावे, असे ठरले आणि साखरशाळा मिटत गेल्या. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. पण फडातून नियमित शाळेपर्यंतचे अंतर, पहाटे कामावर जाणारे आईबाप आणि कडेवरचे भावंड यांचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

खानदेशी मुलापुढे आणखी एक अडचण उभी राहते. घरी भिली, पावरी किंवा अहिराणी, गावच्या शाळेत मराठी, घाटापलीकडे गुजराती. शक्यतो मातृभाषेतून शिकवावे, असे कायदा म्हणतो. जे मूल मराठी अक्षरांशी नुकते कुठे झटू लागले आहे, त्याच्यासमोर नोव्हेंबरात दुसरीच लिपी येते. कार्डामुळे त्याला वर्गात जागा मिळते. फळ्यावरचे वाचता येईलच असे नाही.

म्हणून सोय किती मुलांना दिली, एवढ्यावर या प्रयत्नांचे मोजमाप होत नाही. जूनमध्ये जे मूल दुसरीत बसले, ते पुढच्या जूनमध्ये तिसरीचे पुस्तक वाचू शकते का, हे पाहावे लागेल. त्यासाठी हंगामापुरता मराठी जाणणारा शिक्षक पलीकडे जायला हवा, कारखान्याने पाळणाघर चालवायला हवे आणि दोन्ही राज्यांच्या पटावर त्या मुलाची एकच नोंद हवी. एकेकाळी एकाच राज्यात असलेल्या दोन जिल्ह्यांना एवढे जमवता येऊ नये, असे त्यात काही नाही.