नाव गाण्यात असेल तर

दुरुस्त झालेली पेटी न्यायला आलेला माणूस आधी ती वाजवून पाहतो, मग पैशाचं बोलतो. नागपूरच्या लकडगंजात आरा मशिनींच्या मागच्या गल्लीत माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे, आणि माणसं काय वाजवून पाहतात याकडे माझा कान असतो. क्लासला जाणारा यमन किंवा भूप लावतो. भजनी मंडळाचा पेटीवाला तुकडोजी महाराजांचं भजन काढतो. इंदोरा वस्तीतून आलेला पोरगा भीमगीताची चाल धरतो. शाळेच्या बाई राज्यगीत वाजवून बघतात. कॉलेजातल्या मुलांचं मात्र हमखास ‘झिंगाट’. आजच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांपैकी पुढच्या पिढ्यांना कोण आठवेल, यावर चहाच्या टपरीवर वाद निघाला की मी बोलत नाही. माझ्या दुकानात त्याचा कौल रोज लागतच असतो.

लकडगंज ही लाकडाची वस्ती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान इथे उतरायचं, कच्छी पटेलांच्या आरा मशिनींवर चिरलं जायचं आणि दारं-खिडक्या होऊन अर्ध्या नागपूरच्या घरांत जायचं. माझे बाबा त्याच मशिनींवर कामाला होते. उरलेल्या फळ्यांतून त्यांनी एका भजनी मंडळाच्या पेटीचं खोकं करून दिलं आणि आमच्या घरात हा धंदा शिरला. ज्या मुलखातून लाकूड यायचं त्याच मुलखातून पेट्याही येतात. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो, त्याच्या आधी वडसा-ब्रह्मपुरीकडची माणसं धान कापायचं सोडून माझ्याकडे चकरा मारतात. “काकाजी, भाता फुसफुसते जी, नाटकाले तारीख लागली,” अशी घाई.

पेटी उघडली की आत पितळेचे सूर ओळीनं बसलेले दिसतात. सुराच्या पट्टीला टोकाशी कानस मारली की तो चढतो, बुडाशी मारली की उतरतो. कानस जरा जास्त घासली तर सूर हातचा गेला. पूर्वी जर्मन आणि पॅरिसचे सूर मिळायचे, आता गुजरातेतल्या पालिताण्याचे येतात. जुन्या खोक्यात आतल्या बाजूला आधीच्या कारागिरानं पेन्सिलनं लिहिलेली तारीख सापडते. नाव सहसा नसतं. काम राहतं, करणारा जातो, हे मी रोज पाहतो. गाण्याचंही बरंचसं असंच आहे.

ही पेटीच एकदा विसरली जायची होती. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला बंदी घातली. ठरलेल्या पट्ट्यांच्या या वाद्यात आपल्या रागांच्या श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. 1948 मध्ये आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हाही बंदी लागूच होती. ती 1971 नंतर हळूहळू सैल झाली. या तीस वर्षांत पेटी मेली का? विदर्भातल्या एकाही भजनी मंडळानं ती खाली ठेवली नाही. काय टिकवायचं हे सरकारी कचेरीत ठरत नाही, एवढं यातून कळतं.

गायक वसंतराव देशपांड्यांची गोष्ट वेगळी आहे. जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा, पण वाढले नागपुरात, आणि गाणं शिकले ते इथल्या शंकरराव सप्रे गुरुजींकडे. भालजी पेंढारकरांनी पोरवयातच त्यांना ‘कालिया मर्दन’ या सिनेमात कृष्ण केलं. पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी करत त्यांनी गाणं सांभाळलं. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं आणि त्यातले खाँसाहेब म्हटलं की वसंतराव, असं समीकरण झालं. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर हेही आमच्या नागपूरचे. रंजन कला मंदिर ही संस्था त्यांचीच. संगीत मात्र गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचं.

वसंतराव 1983 मध्ये गेले. आज त्यांच्या नावानं सिव्हिल लाइन्समध्ये सभागृह आहे, दरवर्षी स्मृती समारोह होतो. 2015 मध्ये ‘कट्यार’चा सिनेमा झाला, 2022 मध्ये ‘मी वसंतराव’ आला आणि त्यातल्या गायनासाठी नातू राहुल देशपांडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण एक बघा. वसंतरावांसारखी तान माझ्या दुकानात कोणी वाजवून पाहत नाही, कारण ती कोणाला येतच नाही. इतकं अवघड गाणं आपल्या बळावर लोकांत राहत नाही. त्याला सभागृह लागतं, नाटक लागतं, नातू लागतो. वसंतरावांना हे तिन्ही मिळालं. त्यांच्या गुरूंना, सप्रे गुरुजींना, फक्त शिष्य मिळाला आणि त्यांचं नाव आज शिष्याच्या चरित्रापुरतं उरलं आहे.

आता खंजिरीकडे येतो. तुकडोजी महाराज 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. खंजिरी वाजवत मराठी आणि हिंदीत भजनं म्हणत ते गावोगाव फिरले. 1942 च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांचा जोर होता, म्हणून इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात घातलं. 1968 मध्ये ते गेले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीच्या त्यांच्या गुरुकुंज आश्रमात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव गप्प उभा राहतो आणि त्या वेळेला विदर्भातल्या कितीतरी गावांतही माणसं असतील तिथे थांबतात. आमच्या नागपूरच्या विद्यापीठाला 2005 पासून त्यांचं नाव आहे. पण नाव टिकण्याचं खरं कारण विद्यापीठ नव्हे. जवळपास प्रत्येक भजनाच्या शेवटच्या कडव्यात ‘तुकड्या’ बसलेला आहे. भजन म्हणायचं तर ते नाव तोंडातून काढावंच लागतं, टाळताच येत नाही. ज्ञानोबा-तुकोबांपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत आहे आणि सातशे वर्षांत हिच्याइतकी पक्की खूण दुसरी कोणाला सापडलेली नाही.

भीमगीतं रचणाऱ्या वामनदादा कर्डकांनीही तेच केलं. 1922 मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि 2004 मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी लिहून, गाऊन मोकळा झाला. कितीतरी गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ येतो. या गाण्यांना तारखाही पक्क्या आहेत. 14 एप्रिल आहे, दसरा आहे, 6 डिसेंबर आहे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी पूर्वी कॅसेटचे ढीग असायचे, मग सीडी आल्या, आता पेनड्राइव्ह विकतात. डबा बदलला, आतलं गाणं तेच राहिलं. त्याच दीक्षाभूमीवर 26 नोव्हेंबर 2010 रोजी शाहीर विठ्ठल उमप मंचावरच कोसळले आणि गेले. ‘फू बाई फू’ या नावानं आत्मचरित्र लिहिणारा हा रांगडा आवाज शेवटपर्यंत लोकांसमोरच होता. मृत्यूची ही जागा आणि तारीख सांगणारी माणसं उत्तर नागपुरात तुम्हाला दर दुसऱ्या घरी भेटतील.

उलट बाजू राज्यगीताची. 2023 च्या शिवजयंतीपासून ते अधिकृत झालं. शब्द राजा बढे यांचे, आणि बढे 1912 मध्ये जन्मले ते नागपुरातच. चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज शाहीर साबळ्यांचा. पेटी न्यायला आलेल्या एका शिक्षिकेनं ते माझ्यासमोर फार सुरेख वाजवलं. मी विचारलं, “बाई, चाल कोणाची हो?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “महाराष्ट्राची!” उत्तर गोड आहे, पण खळ्यांच्या वाट्याला त्यात काही आलं नाही. गाणं अमर झालं आणि ते करणारे तिघंही त्यातून गळून पडले.

अजय-अतुल या संगीतकार भावांसारख्या आजच्या मंडळींचं काय होईल, ते इथे दिसतं. त्यांच्या ‘झिंगाट’चा सिनेमा ‘सैराट’ 2016 चा. त्या गाण्याशिवाय वरात हलत नाही, आणि वरातीला तर मरण नाही. 2012 च्या ‘अग्निपथ’मधलं त्यांचं गणपतीचं गाणं मंडपामंडपांत वाजतं. त्याला दर भाद्रपदात हक्काचे दहा दिवस मिळाले आहेत. याच शहरातल्या झोपडपट्टी फुटबॉलवर नागराज मंजुळेंनी 2022 मध्ये ‘झुंड’ केला, त्याचं संगीतही या भावांचंच. चाली राहतील, यात मला शंका नाही. पण सिनेमातल्या गाण्यात नाममुद्रा नसते. नाव पडद्यावर येतं आणि मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्याला तो पडदा दिसत नाही. आणखी पन्नास वर्षांनी बँडवाला ‘झिंगाट’ वाजवेल आणि ते कोणाचं, हे त्याला ठाऊक नसेल.

तेव्हा माझा कौल असा. तुकडोजी आणि वामनदादा पणतवंडांपर्यंत नावानिशी पोचतील, कारण गाताना त्यांचं नाव घ्यावं लागतं आणि गाण्याचा दिवस ठरलेला आहे. वसंतरावांचं नाव त्यांचं गाणं शिकणारा कोणी असेल तोवर राहील. अजय-अतुलच्या चाली नक्की राहतील, नाव मात्र आपल्या हातात आहे. पूर्वी शेवटच्या कडव्यात व्हायचं ते काम आता गाणाऱ्यानं आणि निवेदकानं करायचं आहे. ऑर्केस्ट्रा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की मंडळाचा मंडप, गाण्याच्या आधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा ही तीन नावं माइकवरून घ्या. याला अर्धा मिनिटही लागत नाही. सुरुवात राज्यगीतापासून करा: राजा बढे, श्रीनिवास खळे, शाहीर साबळे.