मृत्युपत्र आणि चिता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सराफा बाजारातून महाराज बाड्याकडे जाताना आम्हांस एका मृत्युपत्राची आठवण होते. तेथून जवळच, छत्री बाजारात, शिंदे घराण्याच्या छत्र्या आहेत. राजमाता विजयाराजे शिंदे २५ जानेवारी २००१ रोजी निवर्तल्या. आपले अंत्यसंस्कार एकुलते पुत्र माधवराव यांनी करू नयेत, असे त्यांनी १९८५ साली स्वहस्ते लिहून ठेवले होते. तरी अग्नी दिला तो माधवरावांनीच.

मग कायदा मोडला काय? हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे आणि आमचे उत्तर सहसा कोणास रुचलेले नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र म्हणजे आपल्या मालमत्तेविषयीच्या इच्छेची घोषणा. आणि देह ही मालमत्ता नव्हे. इंग्लंडात १८८२ साली ‘विल्यम्स विरुद्ध विल्यम्स’ या खटल्यात हेच ठरले. आपले दहन व्हावे असे एका गृहस्थाने लिहून ठेवले होते. घरच्यांनी त्यास पुरले. त्याच्या स्नेही बाईने प्रेत उकरवून इटलीत मिलान येथे नेऊन जाळविले व खर्चाची मागणी केली. न्यायालयाने एक पैही दिली नाही.

खर्चाच्या बाबतीत मात्र आपला कायदा उदार आहे. त्याच अधिनियमाच्या ३२० व्या कलमान्वये मृताच्या इतमामास साजेसा वाजवी अंत्यविधीखर्च सर्व कर्जांच्या आधी फेडावा लागतो. चितेच्या लाकडांचे पैसे प्रथम, सराफाची बाकी मागाहून!

आणि शास्त्र? कमलाकरभट्टांच्या ‘निर्णयसिंधू’त (१६१२) और्ध्वदेहिकाचा पहिला अधिकारी पुत्रच. पण हा अधिकार हक्कापेक्षा ऋणच अधिक. धनकोने ऋणकोस मुक्त करावे, तसे मातेने पुत्रास का करू नये, असा वकिली तर्क आमच्याही मनात येऊन गेला; परंतु पितृऋण एकट्या मातेचे नसते, तेव्हा ते सोडून देणे तिच्या एकटीच्या हाती कसे असेल? माधवरावांनी केले ते आम्हांस शास्त्राला धरूनच वाटते. मातेच्या मनाचे काय, हे मात्र शास्त्र सांगत नाही.

देहाविषयीच्या एका इच्छेस कायद्याने खरे बळ दिले आहे. १९९४ च्या अवयवप्रत्यारोपण अधिनियमाप्रमाणे साक्षीदारांसमक्ष लेखी दिलेली अवयवदानाची संमती, ती मागे घेतली नसेल तर, देह ज्याच्या ताब्यात असेल त्याने मानावयाची असते. बाकी सारे आप्तांच्या सद्भावावर. शिवाय मृत्युपत्राचा लखोटा बहुधा उघडतो तो तेराव्यानंतर. म्हणून अशिलांस आम्ही सांगतो की, अशी इच्छा असेल तर ती तिजोरीत ठेवू नका, खांदा देणाऱ्यांच्या कानावर घाला.

पुढे आठच महिन्यांनी, ३० सप्टेंबर २००१ रोजी, माधवराव विमान-अपघातात गेले. त्यांची चिताही ग्वाल्हेरातच पेटली. अग्नी दिला पुत्राने.